ते जागीच गेले नव्हते

बाबा,

काल मिलिंद तुमच्या अस्थी घेऊन पुण्याला निघाला. रेवाची शाळा आहे म्हणून मी मागे राहिले, असं सगळ्यांना सांगितलंय. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. पुण्यात घर माणसांनी भरलेलं असेल आणि जो तो तेच विचारेल, "त्रास नाही ना झाला? पटकन गेले ना?" मिलिंद म्हणेल, "हो, पटकन गेले." त्या वेळी त्याच्या शेजारी बसून मला मान डोलवायची नव्हती.

तुमची नोकरी, तुमचं वय, मागे मुलगा, सून, नात, ते सगळं पेपरात येईल. मला तुमच्याशी आपल्या भांडणाबद्दल बोलायचंय. ते अर्धवट टाकून तुम्ही चालायला गेलात.

उन्हाळा सरता सरता तुम्ही जर्मनीत आमच्याकडे आलात तेव्हा मला वाटलं होतं, आठवडाभरात कंटाळतील. मिलिंद सकाळीच नेकारसुल्मला कारखान्यात, रेवा शाळेत, मी वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये. गावात एक बेकरी, एक चर्च, आणि रविवारी बससुद्धा नाही. पण आई गेल्यापासून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तुम्ही एकटेच होतात, तुम्हाला शांततेचं काही वाटलं नाही. रेवाकडून चार शब्द शिकलात आणि काठी घेऊन बाहेर पडलात. भेटेल त्याला "गूटन मॉर्गन" म्हणायचं, आणि समोरचा काहीही बोलला की "गेनाऊ". अगदी बरोबर. रेवा एकदा वैतागून म्हणाली, "आबा, डू फरश्टेस्ट या गार निश्ट्स." म्हणजे तुम्हाला काहीसुद्धा कळत नाहीये. तुम्ही तिला गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "गेनाऊ." त्या दिवशी जेवताना आम्ही तिघंही किती वेळ हसत होतो.

गावाच्या टोकाला शेवटचं घर फ्राऊ ब्रेनरचं. त्यांच्या कुंपणापलीकडे बटाट्याचं शेत, मग चढ, मग जंगल. तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, एकट्या, गुडघ्यांनी हैराण. तुमची त्यांच्याशी मैत्री कशी झाली ते मला आजही नीट माहीत नाही. त्यांनी कुंपणावरून तुम्हाला प्लम दिले, तुम्ही दुसऱ्या दिवशी त्यांना माझा चिवडा नेऊन दिलात. मग त्यांच्या बागेतल्या बाकावर तुम्ही दोघं बसलेले दिसू लागलात. त्या जर्मनमध्ये बोलायच्या, तुम्ही मराठीत. मी मिलिंदला म्हटलंही, बाबांना इथे कुणीतरी मिळालं, बरं झालं.

तुम्ही मला बोलावून नेलंत ती दुपार मला स्पष्ट आठवते. "मेघना, जरा येतेस का? मला त्यांना एक विचारायचंय." त्यांच्या घरामागे सशांचा जुना रिकामा पिंजरा होता. त्याच्या छपराला न गंजलेला, राखाडी पत्रा. तुम्ही त्यावरून अंगठा फिरवत होतात. पत्र्यावर बारीक रिव्हेटची सरळ रांग होती. "हा विमानाचा आहे," तुम्ही म्हणालात. "मोठ्या विमानाचा. हा इथे कसा आला, विचार."

लोहगावला हवाई दलात तुम्ही अनेक वर्षं बॉम्बर विमानांची इंजिनं दुरुस्त केलीत. दुसऱ्या महायुद्धानंतर टाकून दिलेली, आपल्या लोकांनी उभी करून उडवलेली ती चार इंजिनांची अमेरिकन विमानं. तुम्ही त्यांच्याबद्दल घरात फारसं कधी बोलला नव्हतात. त्या दिवशी तुमचा अंगठा त्या रांगेवरून पुन्हा पुन्हा जात होता.

फ्राऊ ब्रेनरनी सांगितलं ते ठरलेलं होतं, गावात सगळे सांगतात तेवढंच. युद्ध संपून काही वर्षं झाली होती. अमेरिकन बॉम्बर, सरावाचं उड्डाण, नोव्हेंबरचं धुकं. विमान टेकडीला धडकलं. आतले सगळे जागीच गेले. नंतर गावाने वर दगड बसवला. पत्रे लोकांनी उचलून आणले, कारण तेव्हा कुणाकडे काहीच नव्हतं.

पुढच्या रविवारी आपण तो दगड बघायला गेलो. रेवा शेताच्या कडेला थांबली, पुढे यायला तयारच होईना. "दा रूफ्ट आइनर," म्हणाली. तिथे कुणीतरी हाका मारतं. शाळेतली मुलं म्हणतात, नोव्हेंबरात तर तिथे जायचंच नाही. मी म्हटलं, मुलांच्या गोष्टी. तुम्ही चढायला लागलात.

वर झाडं इतर जंगलापेक्षा तरुण होती, सरळसोट, एकाच उंचीची. मधोमध एक खळगा, त्यात काळं पाणी आणि कुजलेली पानं. पक्ष्यांचा आवाज नव्हता, निदान मला तरी आला नाही. दगडावर नावं होती आणि खाली एक ओळ. मी वाचून दाखवलं, "सर्व जण जागीच मरण पावले."

तुम्ही विचारलंत, "मग हाका कोण मारतं?"

"बाबा, मुलं काहीही बोलतात."

"मुलांना हे कुठून सुचलं? विमान पडलं तिथे मुलांना भूत दिसायला पाहिजे, आग दिसायला पाहिजे. हाक कशी काय ऐकू येते?"

हे तुम्ही इतक्या शांतपणे म्हणालात की मला त्या खळग्याजवळ एक क्षणही थांबावंसं वाटेना.

दोन-तीन दिवसांनी फ्राऊ ब्रेनरच्या स्वयंपाकघरात तुम्ही मला तेच विचारायला लावलंत. वर कोण हाका मारत होतं? मी शब्द न शब्द तसाच विचारला. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलंच नाही, तुमच्याकडे बघत राहिल्या. मग बोलायला लागल्या, आणि मी एकेक वाक्य तुम्हाला सांगत गेले.

त्या तेव्हा तरुण मुलगी होत्या. युद्धात जवळचं शहर एका बॉम्बहल्ल्यात जळालं होतं, त्यात त्यांची थोरली बहीण गेली होती. ती तिथे एका दुकानात कामाला होती. तिचं काहीच सापडलं नव्हतं. त्यामुळे टेकडीवर विमान पडलं तेव्हा घरात कुणी रडलं नाही. धुक्यात वर लाल उजेड दिसला, मग तो विझला. आणि मग हाक ऐकू आली. एक माणूस. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तो शब्द काय होता ते त्यांना आजवर कळलेलं नाही. त्या कोट घालायला उठल्या. वडिलांनी दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "बटाटे सोल."

"मी बटाटे सोलले," फ्राऊ ब्रेनर म्हणाल्या. "टोपलीत होते तेवढे सगळे सोलले. तरी तो हाका मारत होता."

धुकं विरल्यावर अमेरिकन सैनिक आले. गावाने त्यांना सांगितलं, आम्ही फक्त धडकल्याचा आवाज ऐकला.

हे सगळं तुम्हाला मराठीत सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. तुम्ही उठलात, त्यांच्या खांद्यावर नुसता हात ठेवलात आणि बाहेर आलात.

परतताना रस्त्यात तुम्ही मला जोसेफबद्दल सांगितलंत. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. मिलिंदनेही नाही. लोहगावच्या बराकीत तुमच्या शेजारच्या खाटेवरचा जोसेफ, बेळगावचा. तो ज्यात होता ते विमान घाटात पडलं आणि शोधायला गेलेल्या तुकडीत तुम्ही होतात. डोंगर चढून पोचायला फार वेळ लागला. तिथे एक धनगर बाई बसली होती, जोसेफचं डोकं मांडीवर घेऊन, त्याच्या अंगावर स्वतःचं घोंगडं घालून. तो नुकताच गेला होता. बाईने तुम्हाला विचारलं, "ह्याची आई कुठली रं?" तुम्ही सांगितलंत, बेळगावची. ती म्हणाली, "तिला सांगा, पाणी प्याला."

"मी बेळगावला जाऊन सांगितलं," तुम्ही म्हणालात. "त्याची आई माझा हात धरून बसली. दुसरं काही विचारलं नाही तिने. किती प्याला, कशातून प्याला, एवढंच विचारत होती."

त्यानंतर तुमचं मन त्या दगडातून निघालं नाही. नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाचा रविवार असतो, चर्चच्या आवारात गाव जमतं. फ्राऊ ब्रेनरनी तिथे उभं राहून खरं सांगावं, असं तुमचं म्हणणं. त्या नाही म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत. मात्र गावाला कसा कोण जाणे वास लागला. बेकरीत मी शिरले की बोलणं थांबायला लागलं. तुम्ही "गूटन मॉर्गन" म्हटलं की लोक मान हलवायचे, पण थांबायचे नाहीत. एकदा मी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवत होते तेव्हा चर्चमागे राहणारे म्हातारे हेर क्राउस माझ्याजवळ आले. अगदी सौजन्याने म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांना सांगा, वर जाऊ नका. धुकं असलं की तिथून परत येणं अवघड असतं."

मी डबा तिथेच सोडून घरात आले. त्या दिवशी आपलं भांडण झालं.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही दिवाळीनंतर परत जाल. आम्हाला इथे राहायचंय. रेवाला इथल्या शाळेत जायचंय."

"मी गावाला दोष देत नाहीये, मेघना. बहीण जळाली होती तिची. त्या बापाच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही."

"मग कशाला? त्या माणसाच्या घरचे कुठेतरी असतील. त्यांना वाटतंय तो पटकन गेला. तेवढं तरी राहू द्या ना त्यांना. तो पडून हाका मारत होता आणि कुणी आलं नाही, हे ऐकून कुणाचं भलं होणार आहे?"

"ते त्यांनी ठरवावं. आपण कोण?"

तेव्हा मी म्हणाले ते म्हणाले. "आईंच्या वेळी डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. तुम्ही विचारलंत का त्यांना, खरंच का म्हणून?"

तुम्ही काठी कोपऱ्यात टेकवलीत. मग म्हणालात, "नाही विचारलं. म्हणूनच सांगतोय."

मी ओट्याकडे वळले. मला आजही वाटतं की माझ्या बोलण्यात अगदीच काही नव्हतं असं नाही. माणूस न कळण्याच्या आधारानेही जगतो. हे मी तुम्हाला पुढे कधीतरी, राग गेल्यावर, नीट पटवून दिलं असतं. तुम्ही "गेनाऊ" म्हणून मला हसवलं असतं.

दुसऱ्या सकाळी धुकं इतकं होतं की समोरचं घर दिसत नव्हतं. तुम्ही मफलर गुंडाळत होतात. मी जिन्यावरून म्हटलं, "आज नका जाऊ." तुम्ही म्हणालात, "कोपऱ्यापर्यंतच." मी वर मीटिंगमध्ये बसले. थोड्या वेळाने खिडकीबाहेर धुकं निळं झालं, विझलं, पुन्हा निळं झालं. अँब्युलन्सचा निळा दिवा होता, सायरन नव्हता. ती गावाच्या टोकाकडे गेली. मला त्याच क्षणी कळलं, बाबा. मी हेडफोन काढले आणि पायात काही न घालता पळत सुटले.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. फ्राऊ ब्रेनरनी फोन केला होता, त्याच वर तुमच्याजवळ होत्या, एवढंच मला कळलं. मी पोचले तेव्हा लोक तुम्हाला खाली आणत होते आणि त्या एका झाडाला टेकून उभ्या होत्या, नाइटगाऊनवर कोट, गुडघ्यापर्यंत चिखल. त्या दिवसापासून त्यांच्या खिडक्यांची रोलाडन, त्या बाहेरच्या पट्ट्यांच्या झडपा, खालीच होत्या. तुम्हाला अग्नी दिला तेव्हा त्या आल्या नाहीत. मी दोनदा दार वाजवलं. आतून हालचाल ऐकू आली, दार उघडलं नाही. मला भीती वाटायला लागली की आता हेही घर गावासारखंच गप्प होणार.

आज तो स्मरणाचा रविवार होता.

मी जाणार नव्हते, पण रेवा म्हणाली, "आबा गेले असते." म्हणून आम्ही दोघी गेलो, मागे उभ्या राहिलो. फायर ब्रिगेडचा बँड, पुष्पचक्र, नावांचं वाचन. ते संपल्यावर फ्राऊ ब्रेनर काठी टेकत पुढे आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी फार थोडं सांगितलं. "वर एक माणूस जिवंत होता. तो हाका मारत होता. मी ऐकलं आणि गेले नाही. दगडावर लिहिलंय ते खरं नाही."

कुणीतरी पुष्पचक्राची फीत सारखी केली. बँडने एकमेकांकडे बघून पुढची धून सुरू केली. आल्झो, झालं तर, मी मनात म्हटलं, संपलं, आता या बाईला गाव वाळीत टाकणार. माणसं घरी जायला निघाली, त्यांना वळसा घालून. हेर क्राउस मात्र थांबले. टोपी हातात घेऊन त्यांनी खालच्या आवाजात म्हटलं, "आमच्या घरीही ऐकू येत होतं." आणि थोडं थांबून, "दुसऱ्या दिवशीही."

फ्राऊ ब्रेनरना ते माहीत नव्हतं. त्यांचं घर तर सगळ्यात जवळचं, पण वडिलांनी त्यांना मागच्या खोलीत झोपायला पाठवलं होतं आणि सकाळी, खिडक्या बंदच ठेवून, सांगितलं होतं, थांबलं ते. आज त्यांचा चेहरा मी बघितला, बाबा. खरं कळल्याने माणूस मोकळा होतो असं जर तुम्हाला वाटत असेल, तर तो चेहरा तुम्ही बघायला हवा होतात. दगडाचं काय करायचं ते गाव उन्हाळ्यापूर्वी ठरवेल म्हणे. ठरवेल किंवा नाही.

दुपारी त्या आमच्याकडे आल्या. पहिल्यांदाच. दारातल्या पायपुसण्यावर उभ्या राहिल्या, आत यायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, त्या सकाळी वरून हाक ऐकू आली तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली. इतकी वर्षं नोव्हेंबरात धुकं पडलं की त्यांना वरून हाक ऐकू येतेच, आणि त्यांनी स्वतःला शिकवलंय की खिडकी लावायची आणि कॉफी ठेवायची. त्यांनी कॉफी ठेवली. पुन्हा हाक आली. "आणि मग माझ्या लक्षात आलं," त्या म्हणाल्या, "की हा तो आवाज नाही. त्याचा आवाज मला पाठ आहे. हा दुसरा कुणीतरी आहे. हा आत्ता आहे."

त्यांनी फोन केला आणि त्या गुडघ्यांनी चढ चढल्या. तुम्ही एका बीचच्या बुंध्याला टेकून बसला होतात. त्यांना बघितल्यावर हाका थांबवल्यात. त्यांनी वाकून तुमचा हात धरला.

"मग ते एकच शब्द म्हणायला लागले," त्या म्हणाल्या. "मला पुन्हा कळत नव्हतं. पुन्हा एकच शब्द. बासा. बासा. मी रोज तो म्हणून बघते, विसरू नये म्हणून. हे कुणाचं नाव आहे? त्यांना कोण हवं होतं?"

दाराची चौकट धरून मी उभी राहिले.

"नाव नाहीये ते," मी शेवटी म्हटलं. "बसा. सेट्सेन झी सिश. घरी कुणी वडीलधारं माणूस आलं आणि उभं राहिलं, की आम्ही म्हणतो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू म्हणाल्या, "मी बसले होते. शब्द कळला नव्हता. गुडघे थकले म्हणून तिथेच खाली बसले, चिखलात, त्यांच्याजवळ. आणि मग ते तो शब्द म्हणायचे थांबले."

रेवा जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिने पुढे येऊन त्यांच्या हातातली काठी घेतली.

"त्यानंतरही थोडा वेळ ते होते," फ्राऊ ब्रेनर म्हणाल्या. "तुम्हाला ऐकायचंय का? नको असेल तर मी जाते."

मी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून आणली. "बसा," मी म्हटलं, मराठीतच. त्या कोट न काढता बसल्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं विचारलं, बाबा. श्वास कसा चालला होता, डोळे उघडे होते का, दुखत होतं का, हात कुठला धरला होता, गार कधी पडला. एकही प्रश्न सोडला नाही.